बाहेर पडण्याची वाट : गिरणगावातील रात्र आणि सुरक्षिततेचे काम

शहरातील रात्रीच्या करमणुकीचा भाग म्हणजे उपाहारगृहे, मद्यालये, गाण्याबजावण्याचे मंच आणि त्यांच्या आधाराने जगणाऱ्या टॅक्सी, टपऱ्या व हातगाड्या यांचा असा पुंजका, की ज्याची वर्दळ इतर व्यवसायांची दारे बंद झाल्यावर सुरू होते आणि ज्याचा कामाचा दिवस मध्यरात्रीनंतर संपतो. अशा भागाच्या सुरक्षिततेची चर्चा कायद्यात, वर्तमानपत्रांत आणि सभागृहांत बहुतेक वेळा प्रवेशाच्या अंगाने होते : परवाना कोणाला द्यावा, किती वाजेपर्यंत द्यावा, दारात कोणाला अडवावे, कोणत्या वयाच्या माणसापुढे कोणता पेला ठेवावा. या भागात प्रत्यक्ष रात्रपाळी करणारा हवालदार, अग्निशमन दलाचा केंद्र अधिकारी, परवाना निरीक्षक आणि हॉटेलातील कॅप्टन, म्हणजे वाढप्यांवर देखरेख करणारा माणूस, यांचा अनुभव मात्र दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवतो. त्यांनी पाहिलेले बहुतेक वाईट प्रसंग माणूस आत शिरताना घडलेले नसतात. तो बाहेर पडताना, किंवा बाहेर पडू न शकल्यामुळे, घडलेले असतात. आत घेण्याची व्यवस्था तपशीलवार लिहिलेली असते आणि तिच्यावर पैसा खर्च होतो; बाहेर सोडण्याची व्यवस्था कागदावर असली तरी ती रोज रात्री कोणी पाहायची, हे ठरलेले नसते. मुंबईतील लोअर परळ आणि त्याच्या आसपासचा गिरण्यांच्या आवारांचा पट्टा हे याचे बोलके उदाहरण आहे, आणि येथील निरीक्षणे मुख्यतः त्याच पट्ट्याविषयी आहेत.

या पट्ट्याला रात्र नवी नाही. कापडगिरण्या पाळ्यांमध्ये चालत, दुसरी पाळी मध्यरात्रीच्या सुमारास सुटे आणि तिसरी पाळी त्याच वेळी आत जाई, त्यामुळे ज्याला आज ‘नाइटलाइफ’ म्हणतात त्याच्या कितीतरी आधीपासून परळ, लालबाग, डिलाईल रोड हे रस्ते रात्री एक वाजता जागे असत. चहाची दुकाने, खाणावळी, चाळीच्या ओट्यावर बसलेली माणसे, भजनाच्या बाऱ्या अशा साऱ्यांमुळे रस्त्यावर सतत कोणीतरी असे, आणि अमेरिकी लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये ज्याला ‘रस्त्यावरचे डोळे’ म्हटले, म्हणजे नेमणूक नसतानाही सहज होणारी देखरेख, ती येथे आपोआप होत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेला नाही, पण गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा काही वाटा मोकळ्या जागांना आणि काही घरबांधणीला देण्याची तरतूद केली, २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा केवळ मोकळ्या पडलेल्या भूखंडापुरता आकुंचित केला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवल्यानंतर या जमिनींवर कार्यालये, मॉल आणि उपाहारगृहे उभी राहण्याचा वेग वाढला.

सुरक्षिततेच्या दृष्टीने या इतिहासातील एक गोष्ट महत्त्वाची आहे, आणि नियोजनाच्या पुस्तकांत तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. गिरणीचे आवार हे मुळात माणसे कोंडून ठेवण्याच्या सोयीने बांधलेले होते. उंच भिंत, मोजकी फाटके, फाटकाशी हजेरी आणि सुटताना झडती, या साऱ्याचा हेतू कामगार वेळेवर आत यावा आणि कापडाचा तागा बाहेर जाऊ नये हा होता. भिंती बहुतांशी तशाच राहिल्या, फाटके तेवढीच राहिली, आतल्या गल्ल्या बैलगाडी आणि हातगाडीच्या मापाच्या राहिल्या, आणि त्यांच्या मधोमध अनेक मजली इमारतींवर गच्च्या, तळमजल्यावर मद्यालये आणि प्रत्येक दारापुढे व्हॅले पार्किंगच्या, म्हणजे ग्राहकाची मोटार नेऊन लावण्याच्या सेवेच्या, रांगा आल्या. शनिवारी रात्री बाराच्या पुढे अशा आवारात अग्निशमन दलाचा बंब आणायचा झाला, तर आधी मोटारी हलवाव्या लागतात, आणि मोटारी हलवणाऱ्यांकडे एका वेळी शेकडो किल्ल्या टांगलेल्या असतात.

२०१७ हे वर्ष या पट्ट्याने विसरू नये असे आहे. २९ सप्टेंबरच्या सकाळी पावसामुळे तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाला परळ स्थानकाशी जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलाच्या जिन्यावर गर्दी अडून चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा मृत्यू झाला. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात, कमला मिलच्या आवारातील एका इमारतीच्या गच्चीवर शेजारी शेजारी असलेल्या दोन उपाहारगृहांत आग लागली आणि १४ जण दगावले, त्यांपैकी ११ स्त्रिया होत्या. पहिल्या घटनेला रेल्वेचा अपघात आणि दुसरीला मद्यालयातील आग म्हणून वेगवेगळ्या खात्यांत नोंदले गेले, परंतु दोन्हींत माणसे एकाच कारणाने गेली : जेवढी माणसे त्या जागेत होती, तेवढ्यांना बाहेर काढील एवढी वाट तेथे नव्हती. पहिली घटना सकाळी कामावर जाणाऱ्यांची आणि दुसरी रात्री मौजेला आलेल्यांची असल्यामुळे लोकांच्या सहानुभूतीतही फरक पडला, आणि दुसऱ्या घटनेनंतर ‘एवढ्या रात्री तेथे जायचेच कशाला’ असा सूर काही ठिकाणी निघाला. जिन्याची रुंदी मात्र त्यावर कोण कशासाठी चढले आहे हे पाहून बदलत नाही.

कमला मिलच्या आगीनंतरच्या चौकशीतून जे चित्र पुढे आले, ते अशा जागांच्या तपासणीचे काम करणाऱ्यांना नवे नव्हते. हुक्क्यासाठी पेटवलेल्या कोळशाच्या ठिणग्या उडाल्या, पडदे व सजावट पेटली, गच्चीवर घातलेल्या ज्वालाग्राही छताने आग शेजारच्या जागेपर्यंत नेली, आणि आपत्कालीन मार्ग अडलेला होता. बरेचसे मृतदेह स्वच्छतागृहात सापडले आणि मृत्यूचे कारण भाजणे हे नसून गुदमरणे हे होते. याचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. बंद जागेतील आगीत ज्वाळा पोचण्याच्या आधी धूर पोचतो. फोम, प्लास्टिक आणि कृत्रिम कापड जळताना कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू निर्माण होतात, तापलेला धूर छताखाली थर धरून खाली उतरत येतो आणि काही श्वासांतच माणसाची दिशा ओळखण्याची शक्ती जाते. अशा वेळी माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो : ज्या दाराने आला त्याच दाराकडे धावतो, किंवा पाणी आणि फरशी दिसते म्हणून स्वच्छतागृहात शिरतो. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात २००३ मध्ये एका नाइटक्लबला लागलेल्या आगीत १०० जण मृत्युमुखी पडले, तेथेही बहुतेक लोक पुढच्या मुख्य दाराकडेच धावले आणि त्या अरुंद मार्गात अडकले. दुसरी वाट असणे पुरेसे नसते. ती वाट त्या क्षणी आठवावी लागते, आणि धुरात स्वतःहून आठवत नसल्यामुळे ती दाखवणारा माणूस शेजारी असावा लागतो.

हा दाखवणारा माणूस कोण, या प्रश्नापाशी तपासणीच्या कामातील सर्वांत उपयुक्त निरीक्षण येते. ग्राहकाला दुसरा जिना ठाऊक नसतो, मालकाला तो नकाशावर ठाऊक असतो, पण स्वयंपाकघरातील मदतनीस, भांडी घासणारा मुलगा आणि मालाची खोकी चढवणारा हमाल यांना तो पायांनी ठाऊक असतो, कारण पुढच्या दाराने येण्याची त्यांना मुभाच नसते. म्हणजे जागेतील सर्वांत कमी पगाराचा आणि बहुधा सर्वांत अलीकडे शहरात आलेला माणूस हाच संकटसमयी सर्वांत मोलाचा असतो, आणि अग्निशमनाचे प्रशिक्षण देताना नेमका त्यालाच वगळले जाते, कारण प्रशिक्षणाच्या वेळी तो भाजी चिरत असतो. दुसऱ्या बाजूने त्याचाच जीव जास्त धोक्यात असतो. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे येथील एका नाइटक्लबमध्ये लागलेल्या आगीत २५ जणांचा मृत्यू झाला, त्यांत पर्यटक थोडे होते आणि तळघरातील स्वयंपाकघराच्या बाजूला अडकलेले कर्मचारी पुष्कळ होते. घरापासून शेकडो मैल दूर, परराज्यांतून आणि नेपाळमधून आलेल्या या तरुणांची गणना ‘नाइटलाइफ’च्या चर्चेत क्वचितच होते.

तो मागचा जिना अडलेला का असतो, याचे उत्तर दुष्ट हेतूत शोधण्याचे कारण नाही. ते भाड्याच्या हिशेबात सापडते. या पट्ट्यात जागेचे भाडे चौरस फुटावर मोजले जाते आणि टेबल मांडलेला प्रत्येक फूट कमाई करतो, तर कोठार कमाई करीत नाही. म्हणून कोठारासाठी वेगळी जागा ठेवली जात नाही आणि बिअरचे क्रेट, सोड्याच्या बाटल्या, मोडक्या खुर्च्या, धुवायला जायचे टेबलक्लॉथ, कर्मचाऱ्यांच्या पिशव्या आणि कधी कधी भरलेले गॅस सिलिंडरसुद्धा जिन्याच्या चौकात येऊन बसतात. निरीक्षक येणार असे कळले की ते सामान तासाभरात हलते आणि तो गेल्यावर तासाभरात परत येते. ज्या जागी पुरेसे कोठार आणि कर्मचाऱ्यांसाठी कपाटे आहेत तेथे जिना मोकळा राहतो, असे निरीक्षकांचे सांगणे असते. त्यामुळे परवाना देतानाच कोठाराचे क्षेत्र किमान किती हवे हे ठरवणे, हे जिन्यावर चार फलक लावण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरावे. दार बाहेरच्या दिशेने उघडणे, त्याला कुलूप नसणे, वाटेत पायरीची ठेच नसणे आणि वीज गेल्यावरही बाणाचे दिवे चालू राहणे, या बाकीच्या गोष्टी राष्ट्रीय इमारत संहितेत स्पष्ट लिहिलेल्या आहेत आणि त्यांवर वाद नाही.

कागदांचा विषय काहीसा कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. मद्य देणाऱ्या एखाद्या उपाहारगृहाला महापालिका अधिनियमाच्या कलम ३९४ खालील परवाना, राज्य उत्पादन शुल्क विभागाचा मद्यपरवाना, अन्न व औषध प्रशासनाची नोंद, गाण्याबजावण्यासाठी पोलिसांची परवानगी आणि अग्निशमन दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र, इतके तरी कागद लागतात. (महाराष्ट्रात पिणाऱ्यालाही परवाना लागतो, एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो आणि बहुतेकांनी तो कधी पाहिलेला नसतो. आत येऊन पिण्याचा कागद आहे, सुखरूप बाहेर पडण्याचा नाही.) २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार मालकाने किंवा भोगवटादाराने आपली अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र, ज्याला ‘नमुना ब’ म्हणतात, दर वर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन महिन्यांत सादर करावयाचे असते. या रचनेत दोन उणिवा आहेत. प्रमाणपत्र देणाऱ्या अभिकरणाला पैसे मालकच देतो, ही पहिली. दुसरी अधिक खोल आहे : बहुतेक तपासण्या कार्यालयीन वेळेत होतात, आणि दुपारी तीन वाजता पाहिलेले मद्यालय हे रात्री बारा वाजताचे मद्यालय नसते. दुपारी खुर्च्या उलट्या ठेवलेल्या असतात, दिवे लागलेले असतात, जिना मोकळा दिसतो, आवाज नसतो. रात्री त्याच जागेत कितीतरी पट माणसे उभी असतात, मागचे दार फुकट शिरणारे येऊ नयेत म्हणून आतून लावलेले असते आणि ‘आग’ म्हणून कोणी ओरडले तरी ते शेजाऱ्याला ऐकू जात नाही. ज्या वेळी धोका असतो त्याच वेळी तपासणी झाली पाहिजे, एवढी साधी गोष्ट अमलात येण्यासाठी रात्रीचा भत्ता, वाहन आणि सोबत पोलिस शिपाई द्यावा लागतो, आणि अंदाजपत्रकात ही बाब नेमकी गळते.

कमला मिलच्या आगीनंतरची कारवाई मात्र धडाक्याने झाली. दुसऱ्याच दिवशी महापालिकेने शहरभर तीनशेहून अधिक ठिकाणी बेकायदा शेड, छते आणि वाढीव बांधकामे पाडली. विभागवार अग्निसुरक्षा अनुपालन पाहणारे कक्ष निर्माण झाले आणि हुक्का पार्लरवर राज्याने २०१८ मध्ये कायद्याने बंदी घातली. यातील अनुपालन कक्ष ही टिकाऊ गोष्ट होती. पाडकाम हे बरेचसे दाखवण्यापुरते होते, कारण तीनशे ठिकाणची बेकायदा बांधकामे एका दिवसात सापडतात याचा अर्थ ती आदल्या दिवशीही माहीत होती. आगीच्या आधीच, २०१७ च्या नोव्हेंबरात, महापालिकेने गच्चीवरील उपाहारगृहांना परवानगी देणारे धोरण मंजूर केले होते, त्यात गच्चीवर छत घालण्यास आणि ज्वाला वापरून स्वयंपाक करण्यास मनाई होती; नियम कमी पडले असे म्हणण्यास म्हणूनच फारशी जागा उरत नाही.

इमारतीतून बाहेर आल्यावर दुसरा प्रश्न सुरू होतो आणि तो पोलिसांच्या वाट्याचा असतो. मुंबईत मद्यालये रात्री दीड वाजता बंद होतात. सर्वांना एकच वेळ दिल्यामुळे सव्वा वाजता सगळीकडे एकदम ‘लास्ट ऑर्डर’ची हाक होते, ग्राहक शेवटचे दोन पेले एकदम मागवून घाईने रिचवतात आणि दीड वाजता एका आवारातील सर्व मजल्यांवरून, सर्व लिफ्टमधून, सर्व माणसे एकाच फाटकाशी येतात. बीटवरच्या शिपायांना विचारले तर भांडणाची वेळ हीच असते असे ते सांगतात. भांडण आत सुरू झालेले असते, पण आत बाउन्सर असतो. तो दोघांनाही उचलून एकाच वेळी फाटकाबाहेर ठेवतो आणि त्याच्या दृष्टीने काम संपते. रस्त्यावर त्या दोघांना पुन्हा गाठ पडायला चार पावले पुरतात. अनुभवी कॅप्टन अशा वेळी एकाला पुढच्या दाराने आणि दुसऱ्याला पंधरा मिनिटांनी मागच्या दाराने सोडतो. ही युक्ती कोणत्याही नियमपुस्तकात नाही, आणि बाउन्सरांच्या प्रशिक्षणात ती असायला हरकत नाही. २००५ च्या खासगी सुरक्षा अभिकरण कायद्यानुसार रक्षक पुरवणाऱ्या संस्थेला परवाना, रक्षकाची पोलिसांकडून चारित्र्यपडताळणी आणि प्रशिक्षण आवश्यक आहे, परंतु दारातील धिप्पाड माणूस पुष्कळदा व्यायामशाळेतून थेट रोजावर आणलेला असतो आणि त्याला देहाखेरीज दुसरे साधन दिलेले नसते.

बंद होण्याची वेळ अलीकडे आणली की सुरक्षितता वाढते, असा समज दृढ आहे, आणि एखादी वाईट घटना घडली की पहिली मागणी तीच होते. प्रत्यक्षात घड्याळाचा काटा मागे सरकवल्याने तीच गर्दी तासभर आधी एकदम रस्त्यावर येते, एवढाच फरक पडतो. गर्दी पांगवण्यासाठी वेळा विखुरलेल्या असाव्या लागतात, म्हणजे मद्य देणे एका वेळी थांबावे पण जेवण, चहा, संगीताखेरीज बसणे पुढे काही काळ चालू राहावे, जेणेकरून माणसे थोडी थोडी आणि थोडी शुद्धीवर येऊन निघतील. राज्य मंत्रिमंडळाने २२ जानेवारी २०२० रोजी मुंबईत मॉल आणि बंदिस्त आवारांतील दुकाने व उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवण्यास मान्यता दिली तेव्हा मद्यासाठी दीडची मर्यादा कायम ठेवली होती. टीकाकारांनी त्या निर्णयाला मौजमजेचा परवाना म्हटले, पण पांगापांगीच्या अंगाने पाहता त्यात तथ्य होते. दोनच महिन्यांत महासाथीची टाळेबंदी आली आणि त्याचा अनुभव घेणे राहूनच गेले.

फाटकाबाहेरच्या रस्त्याविषयी एक मत येथे नोंदवावेसे वाटते, जरी ते महापालिकेच्या अतिक्रमण खात्याला रुचणार नाही. भुर्जीपावाची गाडी, सायकलवरचा चहावाला आणि पानाची टपरी ही रात्री दोन वाजता रस्त्यावरची सर्वांत स्वस्त सुरक्षाव्यवस्था आहे. तेथे दिवा असतो, पाच-सहा माणसे असतात, गाडीवाल्याला रोजचे टॅक्सीवाले आणि शिपाई नावाने माहीत असतात, आणि एकटी निघालेली मुलगी टॅक्सीची वाट पाहत तिथे उभी राहू शकते. गाडी उचलून नेली की फूटपाथ मोकळा होतो आणि ओसही होतो. शहरात २०१६ मध्ये कार्यान्वित झालेल्या प्रकल्पातून सुमारे ४,७०० कॅमेरे बसले आणि गुन्हा घडल्यानंतर तपासाला त्यांची मोठी मदत होते. मात्र कॅमेरा कोणाला हाक मारत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत विचाराची दिशा आणखी तपासून घ्यावी लागते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतील स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यांवर लिहिलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हाय लॉयटर?’ या अभ्यासात असे दाखवून दिले आहे की सुरक्षिततेच्या नावाखाली स्त्रीला घरी ठेवणे हा उपाय नसून तिला कारणाशिवायही रस्त्यावर थांबता येणे हा हक्क आहे. या भागात रात्री वावरणाऱ्या स्त्रियांत ग्राहकांइतक्याच महत्त्वाच्या आहेत त्या काम करणाऱ्या : स्वागतिका, वाढपी, गायिका, स्वच्छतागृहातील मावशी, स्वयंपाकघरातील ताई. दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या राज्य अधिनियमाने रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना त्यांच्या संमतीने कामावर ठेवण्यास मुभा दिली आणि त्यासाठी संरक्षण व घरापर्यंत वाहन देण्याची अट घातली. मोठ्या साखळी आस्थापना ही अट पाळतात. छोट्या जागी ‘घरापर्यंत’ या शब्दाचा अर्थ दादर स्थानकापर्यंत असा होतो. शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास गेलेली असते आणि पहिली पहाटे चारनंतर येते, त्यामुळे दीडला मद्यालय बंद करून, अडीचपर्यंत टेबले पुसून निघालेल्या बाईला कल्याण किंवा विरारकडे जायचे असेल, तर मधले दीड-दोन तास तिने कुठे काढावेत याचे उत्तर कोणत्याही धोरणात नाही. फलाटावर, स्थानकाबाहेरच्या पायऱ्यांवर किंवा बंद स्वयंपाकघराच्या फरशीवर ते काढले जातात. एका आवारातील सर्व आस्थापनांनी वर्गणी काढून दोन दिशांना दोन मिनीबस सोडणे अवघड नाही, आणि ज्या कामगाराला घरी जाण्याची हमी आहे तो शेवटच्या तासात जिना मोकळा आहे की नाही हे पाहण्याइतका स्वस्थ असतो.

ग्राहकाच्या घरी जाण्याचा प्रश्न स्वतःच्या जिवापुरता राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल असताना वाहन चालवणे गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मुंबई वाहतूक पोलिसांनी २००७ मध्ये नाकाबंदी करून श्वास तपासण्याची मोहीम सुरू केल्यापासून शहराच्या सवयीत खरोखर बदल झाला. चालक ठेवणे, टॅक्सीने जाणे, मित्रांपैकी एकाने न पिणे या गोष्टी तेव्हापासून रुजल्या. तरीही १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील भरधाव मोटारीने दोन तरुण संगणक अभियंत्यांचा जीव घेतला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये वरळीत पहाटे मासळी घेऊन दुचाकीवरून परतणाऱ्या दांपत्याला मोटारीने धडक दिली व त्यातील पत्नी गेली. दोन्ही प्रकरणांत चालक आधी मद्यालयात गेला होता आणि महाराष्ट्रात कडक मद्यासाठी असलेली पंचवीस वर्षांची वयोमर्यादा पाळली गेली नाही, असे आरोप झाले. त्यानंतरचा सारा रोख पुन्हा दारातील ओळखपत्र तपासणीवर गेला. ती हवीच, पण मद्यालयातून निघणाऱ्या ग्राहकाला सर्वांत शेवटी जवळून पाहणारा माणूस व्हॅलेवाला असतो, किल्ली त्याच्या हातात असते, आणि झोकांड्या खाणाऱ्या ग्राहकाला किल्ली नाकारण्याचा अधिकार त्याला ना मालकाने दिलेला असतो ना कायद्याने. नाकारली तर बक्षिशी जाते, कधी थोबाडीतही बसते, आणि दुसऱ्या दिवशी नोकरी राहील याची खात्री नसते. परवान्याच्या अटींत ‘किल्ली नाकारणे’ हा शब्दप्रयोग घालून त्यामागे मालकाला आणि स्थानिक पोलिस ठाण्याला उभे केले, तर एका ओळीच्या या बदलाचे मोल पुष्कळ होईल.

या सर्व टप्प्यांचा धनी कोण, हा प्रश्न शेवटी उरतोच. महापालिका इमारत पाहते, उत्पादन शुल्क विभाग पेला पाहतो, अग्निशमन दल यंत्रणा पाहते, पोलिस फाटकाबाहेरचा रस्ता पाहतात, वाहतूक पोलिस नाका पाहतात आणि रेल्वे फलाट पाहते. आवाराच्या आतली खासगी गल्ली, जिथे बंब अडतो, ती कोणीच पाहत नाही. यांपैकी बहुतेक कार्यालयांत रात्री फोन उचलणारा माणूसही नसतो. ॲमस्टरडॅम शहराने रेम्ब्रांटप्लाइन या चौकात आठवडाअखेरच्या रात्रींना गणवेशातील, पण पोलिस नसलेले, यजमान नेमून वाट दाखवणे, भांडण शमवणे आणि टॅक्सीपर्यंत सोबत करणे ही कामे त्यांच्याकडे दिली होती. मुंबईत तसे करायला नवा कायदा लागणार नाही. प्रत्येक गिरणी आवारासाठी रात्री आठ ते पहाटे चार या वेळेत हजर राहणारा एक रात्र अधिकारी, त्याच्याकडे सर्व विभागांच्या वतीने जागा तात्पुरती रिकामी करण्याचा अधिकार, आणि त्याच्या वेतनात आवारातील आस्थापनांचा वाटा, एवढी व्यवस्था महापालिका आणि पोलिस आयुक्तालय आपसात ठरवून करू शकतात. ती होईपर्यंत वाचकाच्या हाती एक साधा उपाय आहे. टेबलावर बसल्यावर वाढप्याला मागचा जिना कुठे आहे असे विचारावे, जमल्यास एकदा उठून तो पाहून यावा, आणि व्यवस्थापकाकडे चालू सहामाहीचा ‘नमुना ब’ मागावा. जिन्यावर क्रेट दिसले किंवा कागद दाखवायला टाळाटाळ झाली, तर बिल मागण्याची वाट न पाहता तेथून उठावे.